तर्री पोह्याची प्लेट शरीरात नेमकी केव्हा जाते?

नागपुरात सकाळी साडेसातच्या सुमारास कस्तूरचंद पार्कच्या बाजूने गेले, तर पोह्याच्या गाड्यांभोवती उभ्याने खाणाऱ्यांची गर्दी दिसते. परातीत हळदीने पिवळे झालेले, वाफ धरलेले पोहे असतात आणि शेजारच्या गंजात काळ्या चण्यांचा रस्सा उकळत असतो. गाडीवाला प्लेटमध्ये पोह्यांचा ढीग करतो, रश्शावर तरंगणारा लाल तेलाचा थर, म्हणजे तर्री, चणे-रश्शासकट डावाने उचलून त्यावर ओततो, चिरलेला कच्चा कांदा आणि शेव पेरतो आणि लिंबाची फोड कडेला ठेवतो. ‘भाऊ, तर्री थोडी अजून’ असे म्हणत बहुतेक जण ती प्लेट दहा मिनिटांत संपवतात, वर अर्धा कप चहा घेतात आणि कामाला लागतात.

त्या एका प्लेटचे पुढे काय होते, हे या लेखात पाहायचे आहे. ही प्लेट मी मुद्दाम निवडली आहे, कारण पचनाचा जवळजवळ प्रत्येक टप्पा तिच्या आधाराने समजावता येतो. पोह्यांत पिष्टमय पदार्थ म्हणजे स्टार्च आहे, चण्यांत प्रथिने आहेत, तर्रीत तेल आहे, चहात दुधाची साखर आहे, लिंबात क जीवनसत्त्व आहे आणि चण्याच्या सालीत माणसाला स्वतःच्या बळावर मुळीच न पचणारा चोथा आहे.

प्लेट रिकामी झाली, म्हणजे पोहे शरीरात गेले, असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात ते अजून शरीराबाहेरच असतात. माळेतला एखादा मणी डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या भोकातून दोरा आरपार ओवलेला असतो, पण तो मण्याच्या काचेत शिरलेला नसतो. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची अन्नाची नळी म्हणजे आपल्या शरीराला पडलेले असेच एक आरपार भोक आहे. मृत शरीरात मोजली तर तिची लांबी सुमारे ९ मीटर भरते. जिवंतपणी तिचे स्नायू आखडलेले असल्यामुळे ती बरीच कमी असते. या नळीत असलेले अन्न तिची भिंत ओलांडून रक्तात किंवा लसीकेत, म्हणजे लिंफ या शरीरातल्या पातळ द्रवात, उतरते तेव्हाच ते खऱ्या अर्थाने शरीरात येते. पचन म्हणजे ही भिंत ओलांडण्यासाठी अन्नाला करावी लागणारी तयारी. पचनाचे पुष्कळसे आजार आणि त्यांवरचे कित्येक उपाय ही एक गोष्ट लक्षात ठेवली की आपोआप उलगडत जातात, म्हणून संपूर्ण लेखात मी तिलाच धरून राहणार आहे.

तयारी लागते ती आकारामुळे. स्टार्चचा एक रेणू म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो मण्यांची साखळी असते, आणि आतड्याची भिंत एका वेळी ग्लुकोजचा एकच मणी आत घेते. प्रथिने ही अमिनो आम्लांची साखळी असते. तिथेही एकटे अमिनो आम्ल किंवा दोन-तीन अमिनो आम्लांचा तुकडाच आत जाऊ शकतो. तेलाचा रेणू फार मोठा नसतो, पण तो पाण्यात विरघळत नाही आणि आतड्यातला सगळा व्यवहार पाण्यातून चालतो. या साखळ्या तोडण्याचे काम विकरे, म्हणजे एन्झाइम, करतात. प्रत्येक विकर ठरावीक प्रकारची कडीच तोडते, त्यामुळे स्टार्च तोडणारे विकर प्रथिनाला हात लावत नाही.

कामाची सुरुवात तोंडात होते आणि ती घरच्या घरी अनुभवता येते. भिजवून निथळलेले साधे पोहे, मीठ-मसाला काहीही न घालता, चमचाभर तोंडात घ्यावेत आणि न गिळता मिनिटभर सावकाश चावत राहावे. सुरुवातीला त्यांना जवळजवळ चव नसते, मग हळूहळू मंद गोडवा जाणवू लागतो. लाळेतल्या अमायलेज या विकराने स्टार्चची साखळी तोडून माल्टोज नावाची साखर तयार केल्यामुळे तो गोडवा येतो. आपल्या तोंडात दिवसाला साधारण एक ते दीड लीटर लाळ तयार होते. पोहे करताना धान आधीच भिजवून, भाजून आणि चेपून घेतलेला असतो. उष्णतेने आणि ओलाव्याने स्टार्चचे घट्ट दाणे फुगून सैल झालेले असतात, त्यामुळे विकराला आत शिरायला वाट मिळते. कच्चा तांदूळ चावून असा गोडवा इतक्या लवकर येत नाही. स्वयंपाक हा पचनाचा शरीराबाहेर होणारा पहिला टप्पा आहे, असे मला वाटते. चण्यांच्या बाबतीत तर हे आणखी खरे आहे: कच्च्या चण्यात प्रथिने तोडणाऱ्या आपल्याच विकरांना अडवणारे घटक असतात आणि भिजवून नीट शिजवल्यावर ते बहुतांशी निकामी होतात.

याच वेळी तर्रीतल्या तिखटाने जीभ पोळत असते. मिरचीतले कॅप्सायसिन हे द्रव्य जिभेवरच्या ज्या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टरला, चिकटते, तोच ग्राहक एरवी खरोखरची उष्णता ओळखतो. म्हणून मेंदूला भाजल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात काहीही भाजलेले नसते. हा ग्राहक शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी पिऊन आग शमत नाही. दुधाने किंवा दह्याने मात्र आराम पडतो. असेच ग्राहक नळीच्या दुसऱ्या टोकालाही असतात आणि सगळे कॅप्सायसिन वाटेत शोषले जात नाही. सावजी रस्सा मनसोक्त खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जी जळजळ होते, तिचे कारण हेच आहे.

गिळण्याची क्रिया काही सेकंदांची असते. घास मागे गेला की श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण येते, आणि ते वेळेवर आले नाही तर ठसका लागतो. पुढे अन्ननलिकेची सुमारे २५ सेंटिमीटरची वाट घास स्वतःच्या वजनाने घसरत जात नाही. नळीचे स्नायू लाटेसारखे आखडत त्याला खाली ढकलतात, त्यामुळे आडवे पडून घेतलेला घाससुद्धा जठरात पोहोचतो.

जठराविषयी माणसाला फार उशिरापर्यंत केवळ तर्क करता येत होते. आपल्याकडे जठराग्नी म्हणत, युरोपात कोणी त्याला कुजणे मानत, कोणी दळणे. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीचा छर्रा लागला. तो वाचला, पण त्याच्या पोटाला पडलेले भोक कायमचे राहिले आणि त्यातून थेट जठर दिसू लागले. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी पुढची काही वर्षे रेशमी दोऱ्याला मांसाचे, भाजीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले. त्यांनी जठरातला रस बाटलीत काढून घेतला, ती बाटली शरीराइतकी उबदार ठेवली आणि त्यात टाकलेले मांस बाहेरही विरघळते हे दाखवून दिले. जठरातले पचन ही रासायनिक क्रिया आहे, हे त्यातून पक्के झाले. रागावल्यावर सेंट मार्टिनचे पचन बिघडते, अशीही नोंद त्यांनी केली होती. हे सारे १८३३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. या प्रयोगांचा उपयोग मोठा होता, तरी परिस्थितीने अगतिक झालेल्या एका गरीब माणसाच्या देहावर ते झाले होते, हे मला विसरता येत नाही.

त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ते लिंबाच्या रसापेक्षाही तीव्र असू शकते. या आम्लाची कामे दोन-तीन आहेत. चण्याच्या प्रथिनांची गुंडाळी त्याच्यामुळे उलगडते, अन्नाबरोबर आलेले बरेचसे जंतू मरतात आणि पेप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर जागे होते. लाळेतले अमायलेज आम्लात निकामी होते, पण लगेच नाही: गिळलेल्या गोळ्याच्या मध्यापर्यंत आम्ल झिरपायला वेळ लागतो आणि तोवर आतल्या आत स्टार्च तुटतच राहतो. मांस विरघळवणाऱ्या या रसाने जठराची स्वतःची भिंत सहसा विरघळत नाही, कारण तिच्यावर चिकट बुळबुळीत थर असतो आणि त्या थरात आम्ल मारणारे बायकार्बोनेट मिसळलेले असते. हे संरक्षण ढासळले की अल्सर होतो. मसालेदार खाणे आणि चिंता यांनाच पुष्कळ वर्षे याचा दोष दिला जात होता. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू त्यामागचे एक प्रमुख कारण असल्याचे दाखवले. त्यासाठी मार्शल यांनी १९८४ साली तो जंतू स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला होता. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. तिखटाने आधीच असलेल्या अल्सरचा त्रास वाढू शकतो, पण निरोगी माणसाला केवळ सावजी खाण्याने अल्सर होतो, असे म्हणता येत नाही.

आता तर्रीच्या तेलाकडे वळू. नुसते पोहे खाल्ले तर दोन तासांत पुन्हा भूक लागते, पण तर्री घेतली की दुपारपर्यंत पोट धरते, हा अनुभव नागपूरकरांना नवा नाही. तेल लहान आतड्याच्या तोंडाशी पोहोचताच तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, रक्तात सोडले जाते आणि ते जठराला सावकाश रिकामे होण्याचा आदेश देते. जठर साधारण दोन ते चार तासांत रिकामे होते. जेवण जितके तेलकट, तितका हा काळ लांबतो. आणि पोट रिकामे असताना ‘पोटात कावळे ओरडतात’ ते काय असते? उपाशीपोटी दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत स्नायूंची एक जोरकस लाट जाते आणि मागे राहिलेले कण पुढे लोटते. अंगण झाडल्यासारखीच ही क्रिया असते. त्या लाटेत हवा आणि द्रव ढवळले जातात, त्याचा तो गुडगुड आवाज असतो. सतत काहीतरी चघळत राहणाऱ्याच्या पोटात ही झाडलोट होण्यास वावच मिळत नाही.

जठरातून पिठल्यासारखा पातळ झालेला, आंबट लगदा थोडा थोडा करून लहान आतड्यात येतो. खरे पचन इथे होते. आम्ल आल्याबरोबर आतड्याची भिंत सिक्रेटिन हे संप्रेरक सोडते, ते रक्तातून स्वादुपिंडाला, म्हणजे पॅन्क्रिआस या ग्रंथीला, गाठते आणि स्वादुपिंड बायकार्बोनेटयुक्त रस ओतून आम्ल मारून टाकते. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ साली हे शोधून काढले. शरीरातला एक अवयव दुसऱ्याला मज्जातंतूंशिवाय, केवळ रक्तातून निरोप पाठवतो, हे त्यातून पहिल्यांदा स्पष्ट झाले आणि ‘हॉर्मोन’ हा शब्द १९०५ साली याच संशोधनाच्या ओघात रूढ झाला. स्वादुपिंडाच्या रसात स्टार्च, प्रथिने आणि तेल अशा तिन्हींवर काम करणारी विकरे असतात. प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन तिथे निजलेल्या रूपात तयार होते आणि आतड्यात पोहोचल्यावरच तिथले दुसरे एक विकर त्याला जागे करते. ही काळजी नसती, तर स्वादुपिंडाने स्वतःलाच पचवले असते. स्वादुपिंडाच्या सुजेत काही अंशी हेच घडते, म्हणून तो आजार इतका यातनामय आणि गंभीर असतो.

इथे एका शब्दाचा घोळ दूर करायला हवा. छातीत जळजळ झाली किंवा आंबट करपट ढेकर आले, की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो. त्या वेळी वर आलेले असते ते बहुधा जठरातले आम्ल असते. पित्तरस निराळा. तो यकृतात तयार होतो, हिरवट-पिवळा आणि कडू असतो, पित्ताशयात साठून घट्ट होतो आणि जेवणात तेल-तूप आले की लहान आतड्यात सोडला जातो. त्याचे काम समजून घ्यायचे असेल, तर तर्रीची रिकामी वाटी घासायला घ्यावी. नुसत्या पाण्याखाली धरली तर लाल तेलाचे डाग वाटीला चिकटून राहतात, बोट फिरवले तर इकडचे तिकडे सरकतात. साबणाचा एक थेंब पडताच ते तवंग फुटून बारीक थेंब होतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. पित्तातले क्षार तेलाला हेच करतात. थेंब जितके बारीक, तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा, आणि तेल तोडणारे लायपेज हे विकर थेंबाच्या पृष्ठभागावरच काम करू शकते. काम झाले की यातले जवळजवळ ९५ टक्के क्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा शोषले जाऊन यकृताकडे परततात आणि पुन्हा वापरले जातात.

इथवर प्लेटचे तुकडे झाले, पण भिंत ओलांडायची राहिलीच. लहान आतड्याची आतली बाजू सपाट नसते, टॉवेलसारखी असते. तिला घड्या असतात, घड्यांवर अर्ध्या ते एक मिलिमीटर उंचीचे रसांकुर असतात आणि रसांकुरांच्या प्रत्येक पेशीच्या माथ्यावर त्याहून कितीतरी सूक्ष्म तंतूंची लव असते. हे सगळे उलगडून पसरले तर टेनिसचे मैदान भरेल, असे जुन्या पुस्तकांत असते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या मोजणीनुसार संपूर्ण पचननलिकेचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर आहे, म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या कोर्टापेक्षा थोडे कमी. तरीही एका माणसाच्या पोटात हे मावते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. इथल्या पेशी फार झिजतात आणि तीन ते पाच दिवसांत हे सगळे अस्तर नव्याने तयार होते. शेवटचे तुकडे पाडणारी विकरे त्या लवेवरच बसलेली असतात. माल्टोजचे दोन मणी इथे सुटे होतात. चहातल्या दुधाची साखर, लॅक्टोज, हीसुद्धा इथेच तुटते. तिच्यासाठीचे लॅक्टेज हे विकर वाढत्या वयात आपल्यापैकी पुष्कळांमध्ये कमी होते. अशा लोकांना पेलाभर दूध बाधते, पण दह्यातल्या जंतूंनी त्यातली थोडी साखर आधीच संपवलेली असल्यामुळे दही बरेचदा सोसते.

ग्लुकोज भिंत कशी ओलांडते, हे थोडे सविस्तर पाहू, कारण त्या ज्ञानाने असंख्य जीव वाचले आहेत. पेशीच्या लवेवर एक खास दार आहे. ते ग्लुकोजला एकट्याने आत घेत नाही. त्याच्याबरोबर सोडियम, म्हणजे मिठातला अर्धा भाग, असेल तरच ते दोघांना मिळून आत घेते. हे दोघे आत गेले की पाणी त्यांच्यामागून जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली ही कल्पना मांडली. कॉलऱ्यात आतड्यातून पाण्याचे लोट बाहेर पडत असतात, पण हे दार शाबूत असते. मग नुसते पाणी किंवा नुसते मीठपाणी देण्याऐवजी साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र दिले, तर शरीरात पाणी शिरलेच पाहिजे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धकाळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी पिंपांत साखर-मिठाचे पाणी कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२२ साली ते वारले आणि त्यानंतर २०२३ मध्ये त्यांना पद्मविभूषण जाहीर झाला.

आपण औषधाच्या दुकानातून आणतो ती ओआरएसची पुडी हीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लीटर पाण्यासाठी तिच्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेटचे क्षार असतात. मे महिन्यात आपल्या शहरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हाबरोबर जुलाबाचे रुग्णही वाढतात. अशा वेळी लेकराला चव आवडावी म्हणून त्या पाण्यात आणखी दोन चमचे साखर घालणारे पालक मी पाहिले आहेत, आणि मला कळकळीने सांगावेसे वाटते की तसे मुळीच करू नये. साखर जास्त झाली तर ती सगळी भिंत ओलांडू शकत नाही, आतड्यातच राहते आणि शरीरातले पाणी उलट नळीत ओढून जुलाब वाढवते. त्याच कारणाने पुडी अर्ध्या लीटरमध्येही कालवू नये. पुडीवर एक लीटर लिहिले असेल, तर एकच लीटर पाणी घ्यावे.

भिंत ओलांडल्यावर ग्लुकोज आणि अमिनो आम्ले ज्या शिरेत जातात, ती त्यांना थेट हृदयाकडे नेत नाही, आधी यकृताकडे नेते. डॉक्टर तिला पोर्टल व्हेन म्हणतात. बाजारात माल उतरण्याआधी जसा नाक्यावर थांबतो, तसा हा माल यकृतात थांबतो. काही साठवला जातो, काही बदलला जातो, घातक काही असेल तर बरेचसे निष्प्रभ केले जाते आणि मग उरलेला सगळ्या शरीराला मिळतो.

तेलाची वाट मात्र वेगळी आहे. लायपेजने तोडलेले तुकडे पेशीत शिरल्यावर पुन्हा जोडले जातात, प्रथिनांच्या वेष्टनात बांधले जातात आणि असे गोळे रसांकुराच्या मध्यातल्या लसीकावाहिनीत उतरतात. इटलीत गास्पारे असेल्ली यांना १६२२ साली नुकत्याच खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या आतड्यांवर पांढरे धागे पसरलेले दिसले. छेद दिल्यावर त्यांतून दुधासारखा द्रव आला. तर्रीचे तेलही अशाच दुधाळ रूपात छातीतून वर चढते आणि मानेच्या डाव्या बाजूला, खांद्याजवळच्या मोठ्या शिरेत रक्तात मिसळते. तेलकट जेवणानंतर काही तास घेतलेल्या रक्तातला द्रव भाग गढूळ दिसू शकतो. चरबीच्या काही तपासण्यांसाठी उपाशीपोटी बोलावतात, त्यामागे हे कारण आहे.

जीवनसत्त्वे आणि खनिजे यांना भिंत ओलांडण्यासाठी आपापल्या अटी असतात. चण्यातले लोह वनस्पतीतले असल्यामुळे मोठ्या नाखुशीने शोषले जाते. लिंबू पिळले तर त्यातले क जीवनसत्त्व लोहाला शोषणयोग्य रूपात ठेवते. उलट, लगोलग घेतलेल्या चहातले टॅनिन लोहाला बांधून ठेवते. रक्त कमी असलेल्या बाईने पोह्यांवर लिंबू भरपूर पिळावे, हंगामात जेवणाबरोबर एखादे संत्रे खावे आणि चहा तासाभराने घ्यावा, एवढ्यानेही फरक पडतो.

बी-१२ या जीवनसत्त्वाची कथा मी घरात पाहिली आहे. माझी आत्या शुद्ध शाकाहारी, रोज वाटीभर दही आणि दूध घेणारी. मधुमेहासाठी ती बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेत होती आणि जळजळीसाठी आम्ल कमी करणारी गोळी कधी सुरू झाली, ते तिलाही आठवत नव्हते. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, अंधारात चालताना तोल जाऊ लागला. वयामुळे होते, मधुमेहामुळे होते, अशी समजूत घालण्यात दीड वर्ष गेले. शेवटी एका डॉक्टरांनी बी-१२ तपासायला सांगितले, तेव्हा ते फारच कमी निघाले. या जीवनसत्त्वाला अन्नातून सुटण्यासाठी जठरातले आम्ल लागते. नंतर जठराच्याच पेशींनी तयार केलेल्या एका वाहक प्रथिनाचा हात धरून ते लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागापर्यंत जाते आणि फक्त तिथेच शोषले जाते. एकीकडे आम्ल कमी करणारी गोळी पहिला टप्पा बिघडवत होती, तर दुसरीकडे मेटफॉर्मिनने शेवटचा टप्पा मंदावत होता. आत्या खात होती ते तिच्या नळीतून जात होते, तिच्या शरीरात येत नव्हते. इंजेक्शने सुरू केल्यावर मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, तोल मात्र पूर्वीसारखा झाला नाही. या दोन्ही गोळ्या उपयोगी आहेत आणि कोणी मनाने बंद करू नयेत. त्या अनेक वर्षे चालू असतील, तर डॉक्टरांना बी-१२ विषयी विचारावे, एवढेच सांगतो.

लहान आतड्यात चार-सहा तास घालवून उरलेले जे काही मोठ्या आतड्यात येते, त्यात पाणी बरेच असते. दिवसभरात आपण पिण्या-खाण्यातून सुमारे दोन लीटर पाणी घेतो आणि लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून शरीर स्वतःचे जवळजवळ सात लीटर नळीत ओतते. या नऊ लीटरपैकी बहुतेक लहान आतडे परत घेते, उरलेल्या एक-दीड लीटरपैकी बराचसा भाग मोठे आतडे घेते आणि मलावाटे शंभर-दोनशे मिलिलिटरच जाते. जुलाबात माणूस इतक्या लवकर का खचतो, हे या हिशेबावरून कळते.

मोठ्या आतड्यात दीड मीटरच्या वाटेवर आपल्या पेशींच्या संख्येशी बरोबरी करणाऱ्या जिवाणूंची वस्ती असते. चण्यांमध्ये रॅफिनोजसारख्या काही साखरा असतात, ज्यांना तोडणारे विकर माणसाकडे नाही. त्या न तुटता इथवर येतात, जिवाणू त्यांवर तुटून पडतात आणि वायू तयार होतो. दुपारी पोट फुगल्यासारखे वाटते, ते यामुळे. चणे रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिले तर या साखरांचा काही अंश निघून जातो. मात्र जिवाणूंचे हे खाणे आपल्याला फुकट जात नाही: चोथा आंबवून ते ब्युटिरेटसारखी लहान मेदाम्ले बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा त्यांतूनच मिळवतात. म्हणजे प्लेटमधला जो भाग आपण पचवू शकलो नाही, त्याचाही काही हिस्सा जिवाणूंच्या हातून भिंत ओलांडून येतो.

शेवटी उरते ते चण्याचे साल. त्यातला सेल्युलोज तोडणारे विकर आपल्याकडे नाही आणि आपल्या जिवाणूंनाही तो पुरता आंबवता येत नाही. घाईत नीट न चावलेल्या चण्याचे साल एक-दोन दिवसांनी जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडलेले दिसते आणि काही जण ते पाहून पचन बिघडले म्हणून घाबरतात. त्यात घाबरण्याजोगे काही नाही. त्या सालाने मलाला आकार दिला, आतड्याच्या स्नायूंना ढकलायला काहीतरी दिले आणि नळीच्या एका तोंडातून शिरून ते दुसऱ्या तोंडातून बाहेर पडले. शरीरात ते कधी आलेच नव्हते.